परीक्षेपुरता हात

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे आजारी माणसाला रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं, मालिश नव्हे, हे भूगावातल्या आपल्या सोसायटीला चार वर्षं समजावून गौतमी थकली होती. आता शेवटची परीक्षा उरली होती, आणि त्या परीक्षेला आपला पेशंट आपणच न्यायचा असतो. तिच्या वाट्याला माण गावच्या गोजराबाई आल्या. अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात लुळा पडलेला. बाईंच्या दहा खोल्यांत कंपनीतली पोरं भाड्यानं राहत होती, पण बाईंचं मागणं एवढंच की स्वतःच्या हातानं भाकरी थापता यावी.

बाई जिद्दीच्या निघाल्या. परीक्षेला तीन आठवडे असताना त्यांनी पदराखालून डबा काढून गौतमीपुढं ठेवला. आत भाकरी. एका अंगानं जाड, पण भाकरीच.

गौतमीनं परीक्षेचे उरलेले दिवस मोजले. बरा झालेला हात परीक्षकाला दाखवून करायचं काय? आणि नवा पेशंट आता कुठून आणायचा?

तिनं बाईंना सांगितलं, हात दमलाय, त्याला विश्रांती हवी. प्लॅस्टिकचा पट्टा चढवून बोटं सरळ बांधून टाकली. रात्रंदिवस ठेवायचा, काढायचा नाही.

"आन् भाकरी?"

"परीक्षेनंतर, आजी."

बाईंना वाटलं, परीक्षा आपलीच आहे. त्यांनी अंघोळीलासुद्धा पट्टा सोडला नाही.

परीक्षेच्या दिवशी पट्टा निघाला. बोटं काही मिटेनात. परीक्षक खूश झाले. इतका नमुनेदार आखडलेला हात हल्ली बघायला मिळत नाही म्हणाले, बाकीच्या मुलांनाही बोलावून दाखवला. गौतमीनं सांधे, स्नायू, उपचार, सगळं घडाघडा सांगितलं.

"आणि कारण?"

"घरी व्यायाम केले नाहीत, सर. बऱ्याच पेशंटचं असंच असतं."

परीक्षकांनी बाईंना चार शब्द सुनावले. बाईंनी गौतमीकडं पाहिलं. गौतमी फाइल चाळत होती.

"चुकलंच माजं, सायेब," बाई म्हणाल्या.

गौतमी वर्गात पहिली आली. निकालाच्या दिवशी बाई पेढे घेऊन आल्या, डबा डाव्या हातात.

"पास झाला न्हवं तुमी? मंग आता माजी मूट कवा मिटंल?"

गौतमीनं पेढा तोंडात टाकला. पुढच्या वर्षीच्या मुलांना केस लागतीलच, असं तिनं बाईंना सांगितलं, आणि तोवर पट्टा पुन्हा नीट बांधून दिला.