सोनेरी स्टूल

सरकारनं छोट्या नाट्यसंस्थांचं अनुदान निम्म्यावर आणलं, तेव्हा सरांनी गोदामात सगळ्यांना जमवून तडफदार भाषण ठोकलं. कला कुणाच्या मेहेरबानीवर जगत नाही, वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. मग सगळे घरी गेले आणि सरांनी एकट्यानं बसून कुणाकुणाला काढायचं ते ठरवलं. भाषणाच्या मानानं हे काम फारच भराभर उरकलं, याचं त्यांचं त्यांनाही नवल वाटलं.

गोदाम म्हणजे सरांनी काढलेल्या नाट्यसंस्थेचं नाट्यगृह. एके काळी तिथं कापडाचे गठ्ठे असत, आता खुर्च्या होत्या. वरचा पत्रा तोच. यंदाचं नाटक पडलं तर गोदाम सोडावं लागणार आणि संस्था बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

लाइटवाल्याला नारळ मिळाला. राजाची भूमिका करणारा नट मानधन नाही म्हटल्यावर आपणहून गेला, आणि जाताना सरांच्या गळ्यात पडून रडला, त्यामुळे त्याला धड शिव्याही देता येईनात. मग राजा स्वतःच करायचा असं सरांनी ठरवलं. वास्तविक सरांनी तरुणपणीच अभिनय सोडला होता आणि तेव्हा कुणीही अरेरे म्हटलं नव्हतं. पण फुकटात मिळणारा दुसरा नट नव्हता.

राहिली ताई. सरांची थोरली बहीण आणि संस्थेची प्रॉम्प्टर. संस्था निघाल्यापासून ती डाव्या विंगेत एका स्टुलावर बसायची आणि अडलेल्या नटाला पुढच्या वाक्याचा पहिला शब्द द्यायची. फक्त पहिला. बाकीचं ज्याचं त्यानं आठवायचं. तो शब्द पहिल्या रांगेलासुद्धा कधी ऐकू गेला नाही. जो अडेल तो नट विचारात पडल्याचं सोंग करून हळूहळू डावीकडे सरकायचा. समीक्षकांना ही सरांची खास शैली वाटली. 'यांची पात्रं अंतर्मुख झाली की डावीकडे वळतात,' असं एकानं लिहिलं, आणि सरांनी ते कात्रण चक्क फ्रेम करून भिंतीला लावलं. वर एका शिबिरात त्याच विषयावर व्याख्यानही झोडलं. ताई समोर बसून ऐकत होती. हसली नाही बिचारी.

तर या ताईला सरांनी काढलं. म्हणजे काढलं असं तोंडानं म्हटलंच नाही. तेवढा दम असता तर आणखी काय हवं होतं! सिंहासन परवडत नव्हतं, म्हणून त्यांनी सुताराकडून तिच्या स्टुलाला पाठ बसवून घेतली आणि वरून सोनेरी रंग मारायला सांगितला. ताई तालमीला आली. तिनं स्टूल पाहिलं, "छान दिसतंय," म्हणाली, संहिता खुंटीला अडकवली आणि घरी गेली.

"समजूतदार आहे हो," सर सुताराला म्हणाले. सुतार रंगाचा डबा बंद करत राहिला.

दुसऱ्या दिवशी सर तिच्या घरी गेले. "या, बसा. चहा घेणार का तुम्ही?" ताई म्हणाली. जन्मापासून छोट्या म्हणणारी बहीण अहो-जाहो करायला लागली, म्हणजे प्रकरण कुठल्या थराला गेलंय ते सरांना कळलं. चहा मात्र त्यांनी घेतला. माफी मागायची राहून गेली.

पहिला प्रयोग लागला. लाइटवाला नाही म्हणून गोदामातल्या सगळ्या ट्यूबलाइट चालूच होत्या. नट दिसत होते आणि प्रेक्षकही. नाटक एका राजाचं होतं. खजिना आटतोय म्हणून तो एकेकाला दरबारातून हाकलतो आणि शेवटी एकटा उरतो. सरांनीच लिहिलेलं. सरकारला चांगलंच झोंबणार, अशी त्यांची खात्री होती.

दरबार रिकामा झाला, राजा सिंहासनावर बसला आणि सर अडकले. स्वतःच्या हातानं लिहिलेलं वाक्य, पण डोकं कोरं! ते उठून अंतर्मुख झाले आणि डावीकडे सरकत सरकत विंगेपाशी पोचले. विंगेत एक बादली होती.

वळून पाहतात तर तिसऱ्या रांगेत ताई. हाताची घडी, ओठ गच्च मिटलेले. वाक्य तिला येतंय हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. सरांनी डोळ्यांनीच विनवणी केली. ताईनं पर्समधून खोकल्याची गोळी काढून तोंडात टाकली.

खुर्च्या कुरकुरायला लागल्या. मागून एक जण उठला. गेलं गोदाम, सरांना वाटलं. त्यांनी मुकुट काढला आणि सरळ पुढे आले.

"ताई, पुढे काय आहे गं?"

लोक खो खो हसले.

"मला काय विचारता?" ताई बसल्या जागेवरून म्हणाली. "मी तिकीट काढून आलेय. पुढे काय होतंय ते बघायला."

आणखी हशा. सरांचे कान तापले.

"सगळ्यांत आधी तुझंच नाव खोडलं मी," ते म्हणाले. "तू भांडणार नाहीस हे माहीत होतं म्हणून. सरकारला शिव्या घातल्या आणि तुझ्याशी तेच केलं. तोंडावर सांगायची हिंमतसुद्धा झाली नाही. चुकलं माझं."

हसणं थांबलं. सरांनी सिंहासन उचललं. प्रयोगासाठी सकाळीच पुन्हा मारलेला रंग अजून ओलाच होता, हात सोनेरी झाले. बादली पायानं सारून त्यांनी स्टूल डाव्या विंगेत ठेवलं आणि परत येऊन उभे राहिले. राज्यात आता बसायला काही नव्हतं.

ताई उठली. घाई म्हणून नाही. पायऱ्या चढून विंगेत गेली, "हे मागे काय लावून ठेवलंय," असं पुटपुटली आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. मग पहिला शब्द आला.

"मला..."

सरांना आठवलं. त्यांनी रिकाम्या दरबाराकडे पाहिलं.

"मला वाटलं होतं, राज्य मीच चालवतोय."

इतकं बरं काम त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. मागे उठलेला माणूस खाली बसला. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. सरांना भरून आलं, डोळे पुसताना गालाला सोनेरी रंग फासला गेला, आणि सवयीनं ते वाकून अभिवादन करायला लागले.

"छोट्या, पुरे," विंगेतून आवाज आला, आणि या वेळी तो शेवटच्या रांगेलाही ऐकू गेला. "अजून अर्धा अंक बाकी आहे. बोल पुढे."