कुणाच्या सल्ल्याने?

परळच्या त्या सरकारी रुग्णालयात पायाच्या जखमांची ओपीडी नर्सनी चालवायची, ही कल्पना सिस्टर कालिंदी परबांची. नर्सनंच तपासायचं, नर्सनंच ठरवायचं, गरज पडली तरच डॉक्टरांकडे पाठवायचं. मधुमेहाच्या माणसाच्या पायात खिळा घुसला तरी त्याला कळत नाही, आणि एकेक पाय निरखायला डॉक्टरांना वेळ कुठला? वर्षभर खेटे घालून सिस्टरांनी सहा महिन्यांची परवानगी मिळवली. काही डॉक्टर हसले. सिस्टरांनी त्यांनाही बोलावून चहा पाजला. अशा बाईच्या हाताखाली काम मिळालं, याचा तिथल्या नर्स अक्षदाला भारी अभिमान.

सहा महिने संपले. ओपीडी राहणार की बंद होणार, ते आज अधीक्षकांच्या बैठकीत ठरणार होतं. आणि नेमकी अक्षदानंच माती खाल्ली होती.

करी रोडच्या कोंडीराम सावंतांच्या तळपायाला फोड आला होता. तिनं पट्टी बांधून आठवड्यानं बोलावलं. चौथ्याच दिवशी पाय सुजून ते दाखल झाले. पायाचं एक बोट कापावं लागलं. केसपेपरवर तिनं लिहिलं होतं, 'डॉक्टरांच्या सल्ल्याने'. कुठल्या डॉक्टरांच्या? कुणाच्याच नाही! फसवायचं म्हणून लिहिलं नव्हतं हो. आठ वर्षांच्या नोकरीत हाताला तेच वळण. दुखणं ओळखायचं आपण, आणि अजिजीनं विचारायचं, "सर, असं तर नसेल?" नाव मग सरांचं.

बैठकीआधी, ओपीडीतून पाठवलेले रुग्ण बघणारे डॉक्टर उन्मेष व्हरांड्यात दोघींना भेटले. माणूस भला. "सिस्टर, सल्ला माझा होता म्हणून सांगतो. विषय संपला."

अक्षदाच्या जिवात जीव आला. सुंठीवाचून खोकला जात होता! कालिंदी सिस्टरांनी मात्र मान हलवली.

"सर, मोठ्या मनानं म्हणताय. पण आज चुकीवर तुमचं नाव घातलं, तर जे पाय वाचले त्यांच्यावरही तुमचंच लागेल. मग आम्ही काय केलं?" मग अक्षदाकडे वळून म्हणाल्या, "तू नको बोलूस. इनचार्ज मी आहे, मी सांगते."

आत अधीक्षकांनी तोच केसपेपर उचलला. "हा सल्ला कुणाचा?"

सिस्टर उठायच्या आत अक्षदा उभी राहिली. "सर, मी ठरवलं. फोड साधा वाटला, पायाला स्पर्श कळतो का ते तपासलं नाही. डॉक्टरांना विचारलंच नव्हतं, ते सवयीनं लिहिलं. चूक माझी आहे."

हात दाखवून अवलक्षण केलं, असं तिला वाटलं.

"पुढे काय केलंत?" अधीक्षकांनी विचारलं.

सिस्टरांनी एक कागद पुढे केला. सावंत दाखल झाले त्याच आठवड्यापासून प्रत्येक फोड दोन दिवसांत पुन्हा बघायचा, असा नियम त्यांनी घातला होता. तेव्हापासून तपासलेल्या सगळ्या पायांची नोंद त्यात होती, एकही बोट गेलं नव्हतं. अधीक्षकांनी तो दोनदा वाचला.

"नोंद दुरुस्त करा. रुग्णाला स्वतः जाऊन खरं सांगा. ओपीडी चालू राहील."

बाहेर येताच कालिंदी सिस्टर बाकावर मटकन बसल्या. अक्षदा शेजारी टेकली.

"सॉरी, सिस्टर. माझ्यामुळे सगळं गेलं असतं."

"मला तर वाटलं, गेलंच." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "एकतीस वर्षं ह्या बैठकांना बसतेय गं. नर्सच्या तोंडून 'मी ठरवलं' आज पहिल्यांदा ऐकलं."