एकविसावी रेघ

घाटनांदूरला स्टँडसमोर माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली टीव्ही कोणी दुरुस्त करत नाही, म्हणून मी लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घालून देतो. काम चोख असतं. कधीकधी चित्राच्या वरच्या कडेला पांढऱ्या तुटक रेघा वळवळतात. गिऱ्हाईक कुरकुर करतं, म्हणून मी ती कडा सरळ कापून टाकतो. कापल्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नव्हती.

सत्यशीलाताईंनी केली. त्या गावात शिवणकाम करतात. सातवीत असताना तापानं त्यांचे कान गेले. बोलतात नीट, घरच्यांचे ओठ वाचतात, आम्हा परक्यांना मात्र लिहून दाखवावं लागतं. धाकटा भाऊ उत्तरेश्वर अमेरिकेत, टीव्हीवर बहिऱ्यांसाठी अक्षरं घालणाऱ्या कंपनीत लागला. शहाण्णव साली त्यानं घरी एक कॅसेट पाठवली, तीच त्या घेऊन आल्या होत्या. पुढं बहीणभावाचं बोलणं बंद झालं. आईच्या दहाव्याला तो आला, तेव्हा ताईंनी त्याला पाणीही विचारलं नाही. तो आपल्याला विसरला, एवढाच त्यांचा राग. मग कॅसेट एवढी जपली कशाला, हे मी विचारलं नाही. तेवढं मला कळतं.

कॅसेटमध्ये उत्तरेश्वर खुर्चीत बसून आईला, आबांना नमस्कार सांगतो, तिकडच्या थंडीचं सांगतो. मग गप्प होतो आणि मिनिटभर नुसता समोर बघत राहतो. मशीन बंद करायचं विसरला, म्हणून घरचे तेव्हा हसले होते.

माझं स्वच्छ केलेलं चित्र पाहून ताईंनी वरच्या रेघा कुठं गेल्या ते विचारलं. मी कागदावर लिहिलं, 'कचरा होता, कापला.'

"कापला कशाला? कचरा न्हाई त्यो," त्या म्हणाल्या. "उत्तरेश्वर बोलतो तवा त्या जागच्या जागी असत्यात. त्याचं तोंड मिटलं की नाचायला लागत्यात."

मला थोडा रागच आला. मूळ कॅसेट पुन्हा लावली, आणि बाई खरं बोलत होत्या. मग दुपारभर इंटरनेटवर वाचत बसलो. अमेरिकेच्या जुन्या टीव्हीचं चित्र पाचशे पंचवीस रेघांचं. वरच्या वीसेक रेघांत चित्र नसतंच. एकविसाव्या रेघेत अक्षरं लपवून पाठवत: उजेड म्हणजे एक, अंधार म्हणजे शून्य. आधी काही ठिपके नुसता ठेका धरतात, लेझमीआधी हलगीवाला धरतो तसा. मग एका चित्रामागं दोन अक्षरं. ती पडद्यावर उमटवायला टीव्हीला वेगळा डबा जोडावा लागायचा.

हे लिहून दाखवलं तेव्हा ताईंना आठवलं. कॅसेटबरोबर एक डबा आला होता. तिकडची वीज एकशे दहा व्होल्टची, आपली दोनशे तीसची. आबांनी तो आपल्या बोर्डात खुपसला आणि धूर निघाला. पोराला वाईट वाटेल म्हणून आईनं पत्रात कळवलं, डबा छान चालतो, शीलाला फार आवडला.

एक फुकटचा प्रोग्राम घालून मी संगणकाला त्या रेघा वाचायला लावल्या. इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं. ते मी ताईंसाठी देवनागरीत उतरवलं.

'शीलाताई, घरात इंग्रजी अक्षरं फक्त तुलाच वाचता येतात, म्हणून असं लिहितोय. इथं बहिऱ्या मोठ्या माणसांची शाळा आहे. मी तुझ्यासाठी जागा धरली आहे. आबा सोडणार नाहीत, त्यांना विचारू नको, मला कळव. यायचं असेल तर दिवाळीआधी पत्र टाक. पत्र आलं नाही तर तू नको म्हणालीस असं समजेन आणि पुन्हा कधी विचारणार नाही.'

ताईंनी ते दोनदा वाचलं. मग आपला फोन माझ्यापुढं धरून भावाला व्हिडिओ कॉल लावून मागितला. आपल्याकडं संध्याकाळचे सहा वाजले होते, तिकडं सकाळ. पांढऱ्या केसांचा एक माणूस दिसला. घरात कुणी गेलं की काय, अशा चेहऱ्यानं तो बघत होता.

"उत्तरेश्वर," ताई म्हणाल्या, "त्यो डबा पयल्याच दिशी जळाला. तुझं लिवलेलं मी आज वाचलं. तवा माझं हो होतं."

त्याच्या तोंडून आवाज फुटेना, ओठ तेवढे हलत होते. मला काहीच ऐकू आलं नाही. ताई मात्र एकेका शब्दाला मान हलवत होत्या.