नाहरकतची हरकत

बांधकाम खात्यातल्या ज्या टेबलावरून ना हरकत दाखले बाहेर पडत, त्या टेबलामागे त्याने चौतीस वर्षं काढली. भिंत बांधायची असो, पाडायची असो, विहीर बुजवायची असो नाहीतर बुजवलेली पुन्हा खणायची असो, लोकांना शेवटी त्याच्याकडेच यावं लागे. ‘सदर कामास या कार्यालयाची हरकत नाही’ हे वाक्य त्याने इतक्यांदा लिहिलं, की निवृत्त झाल्यावरही ते तोंडातून आपोआप गळायचं. आमटीत मीठ नाही? हरकत नाही. न्हाव्याने मिशी एका बाजूला जास्त उडवली? हरकत नाही, दुसरी बाजू आहे की.

सगळे त्याला नाहरकत म्हणत. पण हे नाव कचेरीतलं नव्हे. ते ताईने ठेवलेलं, तो नऊ वर्षांचा असताना. तिच्या लग्नात सासरकडचे कुणी थोरले काका गमतीने म्हणाले होते, “काय छोटे पाहुणे, तुमच्या ताईला आम्ही घेऊन चाललोय. हरकत नाही ना?” सगळा मांडव त्याच्याकडे बघत होता. नवे बूट चावत होते. तो म्हणाला, “हरकत नाही.” हशा पिकला. मग तो मोरीत जाऊन रडला आणि ताई लांबच्या शहरात गेली. तेव्हापासून तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. “काय नाहरकत, बहिणीला घालवून देणाऱ्या, बरा आहेस ना?” पुढे नोकरीही नेमकी त्याच टेबलावर लागली, तेव्हा ती आठवडाभर हसत होती.

आता ताई इस्पितळात होती. सकाळी भाच्याचा फोन आला. “मामा, डॉक्टर म्हणतात आजचाच दिवस. ती सारखी तुमचं विचारतेय.” विमानाने दोन तासांचा रस्ता. पावणेअकराच्या विमानाचं तिकीट मिळालं, आणि साडेनऊला तो पिशवी घेऊन विमानतळावर कंपनीच्या खिडकीसमोर उभा होता.

खिडकीतल्या मुलीने संगणकात पाहिलं आणि फार गोड आवाजात म्हणाली, “सर, आज जागांपेक्षा तिकिटं थोडी जास्त गेलीत. तुम्हाला उद्या सकाळच्या विमानात बसवलं तर हरकत नाही ना?”

“हरकत नाही,” तो म्हणाला.

तो म्हणाला हेही तसं खरं नाही. चौतीस वर्षं म्हणाली. तोंड मिटल्यावर त्याला प्रश्न ऐकू आला.

“अहो, नाही नाही. हरकत आहे. माझी बहीण...”

पण मुलीने कळ दाबली होती. “नोंद झाली, सर. स्वखुशीने जागा सोडली.”

“मी खुशीत दिसतो का?”

“तसा रकाना आहे, सर.”

रकाना म्हटल्यावर तो जरा बाजूला सरकला. रकान्यांबद्दल त्याला आदर होता.

शेजारी, कुंडीतल्या झाडामागे, प्रवाशांच्या हक्कांचा फलक होता. अक्षरं मुंगीएवढी. तो टांगल्यापासून पूर्ण वाचणारा बहुधा हा पहिलाच माणूस. लिहिलं होतं की कंपनीने आधी राजीखुशीने जागा सोडणारे शोधावेत. त्यांच्याशी जे ठरेल ते ठरेल. पण ज्याला इच्छेविरुद्ध उतरवलं, त्याला भरपाई द्यावी आणि पहिल्या मिळेल त्या विमानात बसवावं, मग ते दुसऱ्या कंपनीचं का असेना. या दोन माणसांमध्ये अंतर होतं फक्त दोन शब्दांचं, आणि ते दोन्ही तो बोलून बसला होता.

“दुसऱ्या कुणाचं विमान आहे का?”

“बारा वाजता आहे. एक जागाही आहे. पण ती इच्छेविरुद्धवाल्यांना.”

“मी विकत घेतो.”

“विक्री बंद झाली, सर. आता ती फक्त कंपन्या एकमेकींना देतात.”

“मग माझी नोंद बदला. बहीण जायला टेकलीय हो माझी.”

मुलीने त्याच्याकडे नीट पाहिलं. सरांचे काका झाले. “काका, मला बदलता येत नाही. मुख्य कार्यालयाला विचारते. त्यांची ना हरकत आली की लगेच.”

तो खुर्चीत जाऊन बसला. ना हरकत यायला किती वेळ लागतो, हे त्या दालनात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा एका बाईने दारात उतार बांधायचा दाखला मागितला होता, वडिलांची चाकाची खुर्ची आत घेता यावी म्हणून. कागद टेबलावर मुरत राहिला. अकराव्या दिवशी दाखला पुढे केला तर बाई म्हणाली, “आता नको.” तो म्हणाला होता, “हरकत नाही.”

साडेअकरा झाले. मुलगी फोन कानाला लावून होती आणि त्याच्याकडे बघून मान हलवत होती. मग बाराचं विमानही काचेपलीकडून निघून गेलं.

त्याचा फोन वाजला. भाचा म्हणाला, “मामा, तिच्या कानाशी धरतो. बोला.”

“काय नाहरकत,” ताईचा आवाज दोऱ्याएवढा बारीक झाला होता. “कुठवर आलास?”

“निघालोय.”

“मागे ती बाई विमानं पुकारतेय. ऐकू येतंय मला.”

“जागा नाही मिळाली, ताई.”

“तूच दिली असशील.”

“हो.”

ती हसली, मग खोकली. बराच वेळ खोकली. “दमले रे आता. मी निघू का? हरकत नाही ना?”

शब्द जिभेवर आले. त्याने ते दातांखाली धरले.

“हरकत आहे,” तो म्हणाला. रांगेतली माणसं वळून बघू लागली. “ताई, माझी हरकत आहे. लेखी देतो.”

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, “अरे, हे तेव्हा म्हणायचंस.” आणि थोड्या वेळाने, “पण बरं वाटलं.”

नंतर फोनमध्ये खुर्ची सरकली, कुणीतरी भराभर चाललं. खूप वेळाने भाच्याचा आवाज आला. “मामा,” तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

मुलगी हातात कागद घेऊन धावत आली. “काका, आली ना हरकत. नोंद बदलली. दुसऱ्या कंपनीच्या तीनच्या विमानात बसवते तुम्हाला. खिडकीची जागा आहे. चालेल?”

तिला काही सांगावंसं त्याला वाटलं नाही. पोर धावत आली होती. त्याने चष्मा लावला आणि सवयीने कागद तपासला. तारीख होती, शिक्का होता. ‘स्वखुशीने’वर काट मारून वर लिहिलं होतं, ‘इच्छेविरुद्ध’.

त्याने तो शब्द दोनदा वाचला. बरोबर होता. त्याने खाली सही केली.