रणगाड्याला मांड्याचं पीठ

माझा रणगाडा आयोजकांनी उचलून दाराजवळच्या टेबलावर नेऊन ठेवला होता. धुळ्यातलं दोन दिवसांचं मॉडेलांचं प्रदर्शन. शनिवारी सकाळी अमळनेरहून एसटीने आले, अख्खी वाट खोका मांडीवर धरून. चहा पिऊन परत येते तर स्पर्धेतली माझी जागा रिकामी! वीतभर लांबीचा तो रणगाडा 'बाहेरून करून घेतलेले' अशा पाटीखाली उभा, आणि माझ्या नावाचं कार्ड गायब. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"प्रज्ञा मॅडम, राग मानू नका," स्पर्धेचे प्रमुख जितेंद्र सर म्हणाले. "हिरव्यातून तपकिरी रंग कसा विरत गेलाय बघा. टेप लावली की कड धारदार येते. अशी मऊ कड यायला रंग अडवणारी परदेशी पुटी लागते. ती आहे तुमच्याकडे?"

"नाही. मी मांड्याचं पीठ लावलं."

चारजण फिसकन हसले. हसा म्हटलं, हसायला काय जातंय!

सरांनी रणगाडा फिरवला. मागच्या अंगाला तीन-चार बारीक ठिपके होते, तपकिरी रंग तिथे धरलाच नव्हता. "हे बघा. ज्याच्याकडून करून घेतलंत, त्याने इथे घाई केलीय."

ते ठिपके कशाचे ते मला पक्कं ठाऊक होतं. पण सांगायचं तर आईची चूक सांगावी लागली असती, आणि त्या हसणाऱ्यांच्या तोंडी मला आई द्यायची नव्हती.

पण रणगाडा कसा सोडायचा? कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिवसभर काचेच्या नळ्या धुवायच्या आणि संध्याकाळी डोळे फोडून हा रणगाडा रंगवायचा, असे आठ महिने काढलेत मी. त्या आठ महिन्यांवर दुसऱ्या कुणाचं नाव? अजिबात नाही.

"उद्या सगळ्यांसमोर करून दाखवते," मी म्हणाले. "जमलं तर माझं कार्ड माझ्या नावासकट परत टेबलावर. नाही जमलं तर पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही."

"मंजूर," सर म्हणाले. तेही हसतच.

आईला फोन केला. माझी आई, द्रौपदाबाई, मांड्यांसाठी आमच्या गल्लीत नावाजलेली. तिने तिंबलेलं पीठ दोन्ही हातांवर घेतलं की धोतरासारखं खाली लोंबतं, पण तुटत नाही. त्याची करंगळीएवढी वळी करून रणगाड्यावर नागमोडी बसवायची. वळी गोल, म्हणून तिची कड जराशी अधांतरी राहते. वरून रंग फवारला की त्या कडेखाली तो थोडासाच शिरतो आणि विरतो. एवढीच माझी विद्या.

"पण आई, तेल लावू नको हं. मागच्या वेळी काय झालं होतं, आहे ना लक्षात?"

"शे वं माय, बठ्ठं ध्यानमा शे," ती म्हणाली.

रविवारी आई डबा घेऊन हजर. नवं लुगडं, केसांना तेल, थाटच वेगळा! सरांनी हिरवा रंग मारलेला रणगाड्याचा एक जुना सांगाडा पुढे ठेवला. मी वळ्या बसवल्या, मधल्या जागा ओल्या कागदाने झाकल्या, तपकिरी रंग फवारला आणि ड्रायरने वाळवला. तीस-चाळीस माणसं खुर्च्या सोडून भोवती उभी.

वळी सोलली. कड मऊ आली होती, अगदी हवी तशी! पण कडेलाच चार ठिपके. रंग फाटून खालचा हिरवा दिसत होता.



"हेच होणार होतं," जितेंद्र सर म्हणाले. "पीठ ते पीठच."

मी आईकडे रागाने पाहिलं. ती पदराशी चाळा करत होती. "जराखं लावं वं मी," ती सगळ्यांसमोरच बोलली. "गाडीमा पीठ सुकी जातं ना. चार लोकेसमा कोरडं पीठ कसं आनू? मांगेबी तसंच लावं व्हतं."

कुणीतरी हसलं. आणि माझं डोकं ताळ्यावर आलं. अगं बाई, मी काय लपवत बसले होते!

तरातरा दाराशी गेले, माझा रणगाडा उचलून आणला आणि दोन्ही अगदी शेजारी शेजारी ठेवले.

"मोजा सर! इथले ठिपके बघा आणि तिथलेही बघा. दोन्हीकडे वळीच्या कडेला, दोन्हीकडे तिळाएवढे. पिठातलं तेल कडेला उतरतं, तिथे रंग धरत नाही. परदेशी पुटीत माझ्या आईच्या हातचं तेल असतं का? मग सांगा, हा रणगाडा कुणी बाहेरून करून दिला?"

सरांनी चष्मा पुसला. एकदा हा पाहिला, एकदा तो. आता कुणीच हसत नव्हतं. मग त्यांनी खिशातून माझं कार्ड काढलं. खिशात ठेवलं होतं, बघा!

"नाव तुमचंच," ते म्हणाले. "कबूल. पण साहित्याच्या रकान्यात आपण मास्किंग पुटी लिहू. पीठ बरं दिसत नाही. ठिपक्यांवर ब्रश फिरवून घ्या, पहिल्या तिघांत घेतो तुम्हाला."

"ठिपके राहतील," मी म्हणाले, "आणि नंबर तुमच्याकडेच ठेवा."

त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: 'मांड्याचं पीठ. तिंबणारी द्रौपदाबाई.' कार्ड रणगाड्यापुढे उभं केलं, स्पर्धेच्या टेबलावर, मधोमध.

आईने एकेक अक्षर लावत ते वाचलं आणि माझ्या दंडाला चिमटा काढला.

"पीठ लिखं, मंग तेल काबरं सोडं?" ती म्हणाली. "तेलबी लिख."

मी पेन पुन्हा उघडलं.