बांध ओलांडून गेलेली गोळी

शेताच्या कडेला उभं राहून जयदेवने समोर पाहिलं आणि त्याच्या तोंडून सरळ शिवी निघाली. दाणा भरत आलेलं भात पुन्हा आडवं झालं होतं. रानडुकरं मधोमध लोळली होती. खाल्लं होतं थोडंच, नासलं होतं दसपट.

बदलापुरात अजून शेती करणाऱ्या प्रत्येकाचं हे दुखणं आहे. कुळगावच्या बाजूने इमारती सरकत येतात आणि डोंगराच्या बाजूने डुकरं. मधल्या तुकड्यात ज्याला भात पिकवायचं आहे, त्याने दोन्हीकडे तोंड देत बसायचं. जयदेवने पंचनामे करून घेतले होते, वनखात्याच्या कचेरीत चपला झिजवल्या होत्या. तेव्हा कुठे पिकाची नासाडी करणारी डुकरं मारण्याची रीतसर परवानगी त्याच्या हातात पडली होती. शेतीच्या राखणीसाठी बापाने घेतलेली परवान्याची बंदूक आता त्याच्याच नावावर होती. कागदावर बोट ठेवायला कुठे जागा नव्हती.

आणि तरी त्या भीमरावकाकांची कटकट!

जयदेवच्या चुलत्याने बांधापलीकडची जमीन विकली, तेव्हा तिथे प्लॉट पडले. त्यातला एक भीमरावांनी घेतला. आनंदनगरच्या एका कारखान्यात क्रेन चालवण्यात त्यांची उमर गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी दोन खोल्या बांधल्या आणि त्यांची बायको चांगुणाबाई हिने मागच्या अंगणात, बांधाला लागून, अळू आणि गवती चहा लावला. जयदेवने पहिला बार टाकला त्याच दिवशी भीमराव बांधावर येऊन उभे राहिले होते.

"जयदेवराव, बार टाकणार असाल तर आधी सांगत जा. आमची भांडी हादरली."

"काका, शेत माझं, बंदूक माझी, परमिशन माझी. मी आलो का तुमच्या दारात?"

"तुम्ही नाही आलात. पण उद्या गोळी आली तर?"

"आजोबांपासून याच मचाणावरून याच बाजूला बार टाकतो आम्ही. तेव्हा तुम्ही होतात का इकडे?"

"नव्हतो," भीमराव शांतपणे म्हणाले, "आता आहे."

जयदेवने मान फिरवली होती. संध्याकाळी चुलतभाऊ हरेशजवळ त्याने ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. हरेश खो खो हसला. "म्हणजे आता डुकराला नोटीस काढायची दादा! काकांची झोप झाली की ये, टाइमपे ये, असं सांगायचं!"

आज पुन्हा भात झोपलेलं पाहिल्यावर मात्र जयदेवला हसू येत नव्हतं. त्याने ठरवलं, उद्या पहाटे निकाल लावायचा.

दुसऱ्या दिवशी फटफटायला लागलं तेव्हा दोघे भाऊ मचाणावर होते. बराच वेळ काहीच हललं नाही. जयदेवचे पाय अवघडले. आदल्या दोन खेपांना डुकराने असंच ताटकळत ठेवून हुलकावणी दिली होती. तेवढ्यात बांधावरचं उंच गवत सळसळलं.

"दादा, हलला! मार ना, काय बघतो!"

"नीट दिसत नाय रे."

"अरे, डुक्करच हाय! या टायमाला दुसरं कोण येनार? गेला बघ, गेला!"

गेला म्हटल्यावर जयदेवचा धीर सुटला. गवताच्या हालचालीवर त्याने नळी रोखली आणि घोडा ओढला.

बाराचा आवाज डोंगरावर आपटून परत आला. आणि त्यामागोमाग एक किंकाळी!

डुकराची नव्हती ती. बाईची होती.

जयदेव मचाणावरून उतरला की पडला, त्याचं त्यालाच कळलं नाही. बांध ओलांडून तो पलीकडे धावला. अळवाच्या पानांत चांगुणाबाई बसली होती. हातात विळी तशीच होती. शेजारच्या निळ्या पिंपाला भोक पडलं होतं आणि पाण्याची धार तिच्या खांद्यावर पडत होती. ती उभी असती, तर ते भोक तिच्या छातीच्या उंचीवर आलं असतं.

"काकी! लागलं का? काकी!"

तिने वर पाहिलं आणि ती सरपटत मागे सरकली. भीमराव घरातून अनवाणी धावत आले होते. ते ओरडले, "ती बंदूक आधी खाली ठेव!"

जयदेवने हाताकडे पाहिलं. बंदूक हातातच होती! तिचं तोंड चांगुणाबाईकडेच होतं.

त्याने ती जमिनीवर ठेवली. हरेश मचाणावरून हलला नव्हता.

"तक्रार करायची की नाही, ते हीच ठरवेल," बायकोला उठवत भीमराव म्हणाले. "मी ठरवायला लागलो तर तुझं काही खरं नाही. जा आता."

घरी जयदेवची आई ठमाबाई ओट्यावर बसली होती. किंकाळी तिनेही ऐकली होती. लेकाने सांगितलं ते तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुजे बापाशी हीच बंदूक होती. पन त्यो मचानावर चढायचे आधी काय करायचा, ठाव हाय तुला?"

"आये, आता बापाचं काय काढतेस?"

"बांधावर उभा राहून हाळी द्यायचा. 'आज बार हाय रं! गुरां बांधा, पोरां घरान घ्या!' दोन्ही अंगानं वो आल्याबिगर चढायचा नाय. तवा पलीकडं घर नव्हतं, नुसते गुराखी असायचे. तरी द्यायचा. तू बंदूक घेतलीस बाची, हाळी टाकून दिलीस."

जयदेवला लहानपणी ऐकलेला तो आवाज आठवत होता. तो समजायचा, बाप डुकरांना हुसकावतोय.

"पण आये, डुकरांनी भात खाल्लं त्याचं काय? माझी चूक झाली, मान्य. नुकसान तर माझंच होतंय ना!"

"व्हतंय. मंग? भात पुन्हा लावता येतं."

दुपारी तो भीमरावांकडे गेला. आई सोबत होती. चांगुणाबाईने पाणी दिलं, पण पेला हातात न देता समोर ठेवला. जयदेवला ते लागलं.

"काकी, चुकलो. पण मुद्दाम नाही केलं. मला वाटलं डुक्कर आहे."

"वाटलं," चांगुणाबाई म्हणाली. सकाळपासूनचं तिचं पहिलंच वाक्य असावं ते. "तुला वाटलं, म्हणून मी मेले असते."

भीमराव खुर्ची पुढे ओढून बसले. "हे बघ जयदेव, डुकरं माजलीत, हे मलाही दिसतं. तुझं भात जातं त्याचं मलाही वाईट वाटतं. पण मी क्रेन चालवायचो तेव्हाचं सांगतो. वरती केबिनमध्ये मी राजा. पण खालून माणसं चालायची. घंटी वाजवल्याशिवाय आणि खालचा रस्ता डोळ्यांनी मोकळा दिसल्याशिवाय हुक हलवायचा नाही, हा नियम. एखादा घंटी वाजूनही हलायचा नाही, बिडी ओढत उभा राहायचा. मग मी थांबायचो. खूप राग यायचा! पण थांबायचो. कारण जड वस्तू माझ्या हातात होती, त्याच्या नाही."

"पण मी माझ्या हद्दीतून..."

"हद्द तुझी बांधापर्यंत. गोळीची हद्द कुठंय? तिला सातबारा वाचता येतो का?"

"आणि समजा डुकराला लागलं असतं," भीमराव पुढे म्हणाले, "आणि ते जखमी होऊन माझ्या अंगणात घुसलं असतं, तर? तू बंदूक घेऊन मागे आला असतास. न विचारता. आज आलास तसाच!"

सगळे चांगुणाबाईकडे पाहू लागले. ती पिंपाकडे बघत होती. भोकात कुणीतरी चिंधी कोंबली होती.

"मला अळू कापायला जाताना भ्या वाटता कामा नये," ती म्हणाली. "एवढंच. आणि काय घडलं ते वनखात्यात आणि पोलिसांत तू स्वतः जाऊन सांगायचंस. सगळं सांगायचं, हरेशने काय म्हटलं तेपण आणि तुला काय दिसलं नव्हतं तेपण. तू नाही सांगितलंस, तर मी जाईन."

जयदेवच्या मनात आलं, अजून कुणाला काही झालेलं नाही, मग कशाला? पण त्याने वर पाहिलं तेव्हा अळवात चांगुणाबाईची विळी अजून तशीच पडलेली दिसली. तिने ती उचललीच नव्हती! काही झालं नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

तो गेला. जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. बंदूक जमा झाली, परवानगी थांबली, चौकशी बसली. अधिकाऱ्यांची बोलणी खावी लागली ती वेगळीच. त्या दिवसांत डुकरांनी बांधालगतची पट्टी साफ केली. जयदेव रोज सकाळी बघायचा आणि दात खायचा. एकदा पहाटे पलीकडून डब्याचा खणखणाट ऐकू आला. भीमराव बांधावर उभे राहून डुकरं पळवायला रिकामा डबा बडवत होते.

चौकशी संपून बंदूक आणि परवानगी परत मिळाली, तोवर पुढच्या वर्षीचं भात लोंबीला आलं होतं. जयदेवने जुनं मचाण मोडलं. नवं बांधलं ते बांधाला पाठ करून. समोर त्याचीच डोंगरउताराची दरड होती. नेम चुकला तर गोळी मातीत जाईल. हरेशला त्याने सांगितलं, "तू येऊ नकोस. मला घाई करणारा माणूस नको."

पहिल्या पहाटे त्याने बांधावर उभं राहून हाळी दिली. आवाज बापासारखा लागला नाही, मध्येच चिरकला. पलीकडून भीमरावांचा 'वो' आला. चांगुणाबाईच्या खिडकीत दिवा लागला आणि मागचं दार बंद झाल्याचा आवाज आला. मग तो वर चढला.

डुक्कर आलं, पण दरडीकडून नाही. मागच्या बाजूने, बांधाच्या कडेने आलं. चांगलं माजलेलं, केसाळ. जयदेव मचाणावर वळला. इतकं स्पष्ट जनावर त्याला आजवर दिसलं नव्हतं. आणि त्या जनावराच्या पाठीमागे, थोड्या अंतरावर, ती उजेडाची खिडकी होती.

त्याचं बोट घोड्यावर गेलंसुद्धा नाही. डुकराने त्याच्या डोळ्यांदेखत लोंब्या ओरबाडल्या. शेवटी त्याने बंदूक आडवी ठेवली आणि गळा फाटेस्तोवर ओरडला, "हॉऽऽ! हाऽऽड!" डुक्कर उधळलं आणि रानात शिरलं.

"काय झालं रे?" पलीकडून भीमराव ओरडले. "बार का नाही टाकलास?"

"डुकरामागे तुम्ही होतात, काका!"

पलीकडचं दार उघडलं आणि चांगुणाबाईचा आवाज आला, "खाली उतर. चहा टाकते."

मंडळी, परवान्याचा कागद आपल्याला सरकारपुढे मोकळं करतो, शेजाऱ्यापुढे नाही. आपल्या हातातली वस्तू आपली हद्द ओलांडून जाऊ शकत असेल, तर ती उचलण्याआधी पलीकडच्या माणसाला हाक मारायला हवी, आणि पलीकडून ओ येईपर्यंत थांबायला हवं. भात गेलं तर राग येईल, यायलाच हवा. पण न दिसणाऱ्या गोष्टीवर, नुसतं वाटलं म्हणून, गोळी झाडायचा हक्क कुठल्याच नुकसानीने मिळत नाही.

जयदेव त्या दिवशी रिकाम्या हाताने बांध ओलांडून गेला. बंदूक त्याने आधी घरी ठेवली होती. चांगुणाबाईने चहाचा कप पुढे केला, आणि या वेळी तो त्याच्या हातात दिला.