कडेचा माणूस

बाळकृष्णरावांनी फोटोची चौकट ठरवायचे काळ्या पुठ्ठ्याचे दोन्ही काटकोन फोटोवर ठेवले आणि उजवीकडचा बोटानं हळूहळू आत सरकवला. कडेला गुडघा टेकून बसलेला माणूस आधी अर्धा झाकला गेला, मग पूर्ण.

“आता बघा,” ते म्हणाले. “आता कसा मोकळा झाला फोटो.”

टेबलाभोवतीची डोकी खाली वाकली. काटकोनांच्या मधोमध सियागंज बाजारातला एक हम्माल तेवढा उरला होता. पोत्यांच्या थप्पीवर बसून, दुकानाबाहेर टांगलेल्या कोऱ्या स्टीलच्या परातीत बघत तो केस विंचरत होता. फोटो कृष्णधवल होता, ऊन कोवळं होतं, कंगवा नेमका वर उचललेला होता. वाईट म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं.

पण काटकोन ठेवण्याआधी या फोटोची गोष्टच वेगळी होती, आणि ती टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या आधी बाळकृष्णरावांनाच कळली होती. कॅमेऱ्याकडे पाठ करून, अगदी पुढे, उजव्या कडेला एक अंधूक म्हातारा जमिनीवर वाकलेला होता. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, एक पाय बाहेर पसरलेला. एकाला स्वतःच्या रूपापलीकडे काही दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला जमिनीपलीकडे. दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत तो सगळा फोटो होता. ती जागा दिसली तेव्हाच बाळकृष्णरावांच्या पोटात दुखायला लागलं होतं.

ही मंडळी दर रविवारी सकाळी पलासियाच्या मागच्या गल्लीत, दिनानाथजींच्या बंद पडलेल्या स्टुडिओत जमत. कोणी विम्याच्या कचेरीतून रिटायर झालेले, कोणी शाळेत शिकवणारे, कोणी कारखान्यात. फोटोवर पोट असलेलं कोणीही नव्हतं, पण दिनानाथजींचे नियम कडक होते. फोटो मोबाइलवर दाखवायचा नाही, छापून आणायचा. नाव मागच्या बाजूला. ज्याचा फोटो त्यानं चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि कोणी काही कापायला सुचवलं, ते मान्यही झालं, तर सुचवणाऱ्यानंच स्टुडिओतल्या जुन्या कटरवर आपल्या हातानं कापायचं आणि कापलेला तुकडा स्वतःच्या घरी न्यायचा. दुसऱ्याचं कापताना हात जरा जड पडावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

नाव मागे असलं तरी हा फोटो संहिताचा आहे हे कळायला बाळकृष्णरावांना तो उलटून बघावा लागला नव्हता. दिवाळीनंतर ही मुलगी पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्याकडे कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा आणि एकच लेन्स होती. सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी, बोलणं निम्मं हिंदी. प्रकाश कसा मोजायचा, श्वास कुठे धरायचा, हे तिला बाळकृष्णरावांनीच शिकवलं, आणि मनापासून शिकवलं. जोवर ती विचारत होती तोवर ती मोठी गुणी मुलगी होती. मग एका रविवारी दिनानाथजींनी तिचा फोटो उचलला, चष्मा काढला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. चष्मा काढणं ही त्यांची दाद. आपल्या फोटोसाठी तो चष्मा शेवटचा कधी उतरला होता, हे बाळकृष्णरावांना चांगलं आठवत होतं आणि ते आठवणं त्यांना नको होतं. त्या दिवसापासून संहिताचं हसणंसुद्धा त्यांना जरा मोठं वाटू लागलं.

आज चष्मा पुन्हा उतरला होता, आणि आजच दर्शनी भिंतीचं ठरायचं होतं. पुढच्या रविवारी क्लबचं वार्षिक प्रदर्शन होतं. टेबलावर जशी प्रिंट पास होई, तशीच ती माउंट होऊन तिथे लागे. दारातून आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर मात्र एकच फोटो मोठा करून लावत, आणि गेली कित्येक वर्षं तो बाळकृष्णरावांचा असे. कचेरीत आता त्यांच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसत होतं, मुलगा पुण्याला गेला होता. दाखवावं असं त्यांच्याकडे जे उरलं होतं ते म्हणजे ती भिंत.

गेल्या रविवारी सगळे मिळून सियागंजात फोटो काढायला गेले होते. बाळकृष्णराव सकाळभर मसाल्याच्या एका दुकानापुढे सांडलेल्या लाल मिरच्यांपाशी खिळून होते. त्या मिरच्या आज टेबलावर आधीच येऊन गेल्या होत्या. सगळ्यांनी ‘छान’ म्हटलं होतं. चष्मा जागचा हलला नव्हता.

“पण भिया, तो खाली बसलेला बाबाच तर जान आहे फोटोची,” जयेश म्हणाला. तो सांवेर रोडच्या एका कारखान्यात होता आणि गेल्या रविवारी ड्यूटीमुळे सियागंजात आला नव्हता. “काहीतरी वेचून राहिलाय बिचारा. दाणे-बिणे.”

“तेच तर सांगतोय,” बाळकृष्णराव म्हणाले. आवाज शांत होता, शिकवतानाचा होता. “अंधूक आहे, कडेला आहे. नजर धरून खेचतो आणि दाखवत काही नाही. असे भिकारी सियागंजात हवे तेवढे मिळतील. फोटो हम्मालाचा आहे ना? मग त्याचाच राहू द्या.”

यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. कुठल्याही पुस्तकात असंच लिहिलेलं सापडलं असतं. उघड खोट काढली असती तर कोणीतरी लगेच भांडलं असतं. पण हे इतकं रीतसर होतं की जयेशसुद्धा मान तिरपी करून विचारात पडला.

दिनानाथजींनी काटकोन उचलून फोटो पुन्हा पूर्ण पाहिला, मग काटकोन होते तिथेच ठेवले.

“बाळकृष्ण, नक्की?”

“नक्की.”

“कापावं तुलाच लागेल.”

“कापतो की. त्यात काय.”

चर्चा संपली. दिनानाथजींनी फोटो उलटून नाव वाचलं. संहिता इतका वेळ मांडीवर हात ठेवून गप्प बसली होती. तिनं फोटोकडे पाहिलंच नाही, ती बाळकृष्णरावांकडे बघत होती.

“काका, तुम्हाला सच में वाटतं, तो माणूस नको?”

“कोण आहे तो? काय संबंध त्याचा?”

ती काहीतरी बोलणार होती. मग तिनं पेन्सिल उचलली आणि काटकोनाच्या कडेनं बारीक रेघ ओढली.

“ठीक आहे. तुम्ही सांगून राहिलात, तर असेल.”

कटरचं पातं खाली आलं तेव्हा बाळकृष्णरावांचा हात मुळीच जड पडला नाही. कापलेली पट्टी त्यांनी न बघता शर्टाच्या खिशात घातली. दिनानाथजींनी कापलेला फोटो थोडा लांब धरून पाहिला, चष्मा डोळ्यांवरच ठेवून, आणि बाकीच्या फोटोंच्या गठ्ठ्यात सरकवला.

“मग या वर्षी मिरच्या,” ते म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संहितानंही वाजवल्या, आणि जिना उतरताना “काँग्रॅट्स, काका” असंही म्हणाली. त्यात टोमणा कुठे सापडतो का, हे बाळकृष्णराव घरापर्यंत शोधत राहिले. सापडला असता तर बरं वाटलं असतं.

दुपारी लीलाताईंनी धुवायला टाकण्याआधी त्यांच्या शर्टाचे खिसे तपासले.

“अहो, हा तुमचा फोटो कोणी काढला?”

बाळकृष्णराव पेपर वाचत होते. “माझा कुठला?”

“हा काय. खाली बसलेला.”

“तो कोणी भिकारी आहे सियागंजातला. इकडे आण, फेकायचाय.”

लीलाताईंनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली.

“भिकारी असेल. पण स्वेटर माझ्या हातचा आहे. तिकडे धूळ असते म्हणून पेटीतून जुना काढून दिला होता ना मी? आणि डावा पाय असा बाहेर काढून दुसरं कोण बसतं? रोज पलंगाखालची चप्पल काढताना बघते मी.”

बाळकृष्णरावांनी पेपर बाजूला ठेवला आणि पट्टी हातात घेतली. आपला चेहरा माणूस रोज आरशात बघतो, पण पाठ कुठे बघतो? खांद्यांवर ताणलेला स्वेटर. मफलरची गाठ. दुखरा गुडघा वाचवत पसरलेला पाय. दोन्ही कोपरं वर आली होती, चेहऱ्याच्या बाजूला. टेबलावर ही कोपरं त्यांना दिसली होती, पण दाणे वेचणाऱ्या माणसाची कोपरं अशी वर येत नाहीत, हे ध्यानात आलं नव्हतं. पाठीआड, डोळ्याला लावलेला कॅमेरा होता. पुढ्यात मिरच्या होत्या.

कोण आहे तो, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं. आणि उत्तर तिला माहीत होतं.

लाज वाटली, खूप वाटली. पण लाजेच्याही आधी दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. फोटो फार चांगला होता. इतकी वर्षं कॅमेरा गळ्यात घालून हिंडताना त्यांनी एकाही माणसाकडे असं पाहिलं नव्हतं, आणि या पोरीनं चार महिन्यांत, मिरच्यांवर वाकलेल्या एका चिडखोर म्हाताऱ्याकडे पाहिलं होतं. मत्सर जायचा राहिला बाजूलाच, तो आता दुप्पट झाला.

“घरात तुमचा एक ढंगाचा फोटो नाही,” लीलाताई म्हणत होत्या. “सगळे फोटो तुम्हीच काढता, म्हणून तुम्ही कशातच नसता. बाकीचा फोटो कुठाय याचा?”

“बाकीचा नाही,” बाळकृष्णराव म्हणाले.

लीलाताईंनी पट्टी फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावून टाकली. आठवडाभर ती तिथे होती. दुधासाठी दार उघडलं की बाळकृष्णरावांना आपली पाठ दिसे. बुधवारी त्यांनी दिनानाथजींना फोन लावला. सांगायचं एवढंच होतं, की मी चुकीचं कापलंय, संहिताला पूर्ण फोटो पुन्हा छापायला सांगा. पुढचं त्यांना दिसत होतं. चष्मा उतरला असता आणि भिंत गेली असती.

“हां, बोल बाळकृष्ण.”

“काही नाही. हुक मोठा लागेल का, विचारायचं होतं. मिरच्यांना.”

“लावलाय मोठा,” दिनानाथजी म्हणाले.

प्रदर्शन पलासियातल्या एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये होतं. रविवारी तो रिकामा असे. दर्शनी भिंतीवर एरवी पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे असत, त्यांच्यावर पांढरा कपडा ताणला होता आणि कपड्यावर बाळकृष्णरावांच्या मिरच्या होत्या. ते लोक यायच्या बरेच आधी पोचले. मोठ्या आकारात मिरच्या लालभडक दिसत होत्या. ते समोर उभे राहिले आणि दरवर्षीसारखं वाटण्याची वाट पाहू लागले. वाटलं नाही. मिरच्या मिरच्यांसारख्या दिसत होत्या.

संहिताचा फोटो कोपऱ्यात, स्विचबोर्डच्या बाजूला, खालच्या ओळीत लागला होता. हम्माल केस विंचरत होता. बाळकृष्णरावांनी इकडेतिकडे पाहिलं. दिनानाथजी बाहेर जिन्याजवळ कोणाशी तरी चहाचं बोलत होते, हॉलमध्ये कोणी नव्हतं. त्यांनी खिशातून पट्टी काढली. निघताना फ्रिजवरून ती का घेतली, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. भिंतीला धरत ते खाली बसले, डावा पाय बाहेर काढला आणि पट्टी फोटोच्या उजव्या कडेला, माउंटच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर टेकवली.

जोड थोडा वाकडा लागला, मग जुळला. मधली जागा परत आली. हम्माल परातीत बघत होता, म्हातारा जमिनीकडे, आणि कोणी कोणाला पाहत नव्हतं. बाळकृष्णराव पट्टी धरून तसेच बसून राहिले.

मागे पावलं वाजली आणि थांबली.

“काका, हलू नका.”

आवाज ओळखीचा होता. उठण्यासाठी त्यांनी एक हात जमिनीवर टेकला होता, तो उचलून घेतला. आपण मागून कसे दिसतो हे आता त्यांना माहीत होतं. ओढून-ताणून ताठ बसायचा मोह झाला, तो त्यांनी आवरला.

“मला सांगायचं नव्हतं का, तो मी आहे म्हणून?” त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

“आधी बोलायचं नसतं ना. नियम आहे.” तिनं लेन्स फिरवली. “आणि बोलायची पाळी आली, तेव्हा तुम्हीच विचारलं, कोण आहे तो. मग मला काही सुचलंच नाही.”

बाळकृष्णरावांचा गुडघा ठणकत होता. मागे ती जागा बदलत होती. एक पाऊल डावीकडे, मग अर्धं मागे. असं अर्धं पाऊल मागे जायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. ती कुठे उभी असेल याचा त्यांनी अंदाज घेतला, आणि तिथून काय काय दिसत असेल याचाही.

“भिंत येतेय का मागे?” त्यांनी विचारलं. “माझ्या मिरच्या?”

“कडेला. थोड्या.”

“नजर खेचतायत?”

तिनं कॅमेऱ्यातून पुन्हा पाहिलं.

“हो,” ती म्हणाली.

“मग काप त्या.”

“मी कशी कापू, काका? तुम्ही सुचवलंत. कटर तुम्हालाच चालवावा लागेल.”

मागे शटर वाजलं. बाळकृष्णरावांनी पट्टी धरलेला हात तसाच ठेवला, तिला आणखी एक घ्यायचा असेल म्हणून.